कपाटामागचा आयत

“घर चांगलं आहे,” एजंटबाई म्हणाल्या, “पण इथे माणसं राहतात हे आल्याआल्या कळतं.”

क्ष-किरणांची फिल्म उजेडात धरून डॉक्टर “इथे एक डाग दिसतोय” म्हणतात, त्या सुरात त्यांनी हे सांगितले. मी आणि माझी पत्नी अपराध्यासारखे उभे होतो. आरोप नाकारण्यात अर्थ नव्हता. खुंटीवर माझा कोट होता, खिडकीत चष्म्याची घरे होती, आणि जेवणाच्या टेबलावर औषधांच्या डब्या इतक्या शिस्तीत उभ्या होत्या, की इथे नुसती माणसेच नव्हे तर वयस्कर माणसे राहतात हेही सिद्ध होत होते.

“मग कोण राहतं असं वाटायला हवं?” मी विचारले.

“कोणीच नाही! बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे, की हे घर आपलीच वाट बघत थांबलंय.”

वजनकाटे आणि मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी सारी नोकरी झाली. घर कोणाची वाट पाहते की नाही हे तपासण्याचे उपकरण अद्याप निघालेले नाही, हे मी बाईंच्या निदर्शनास आणून देणार होतो. पण पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि मी विज्ञानाची बाजू तूर्त मागे घेतली.

कारण घाई तिची होती. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिच्या गुडघ्यांनी जिन्याचे नाव टाकले होते. डॉक्टरांनी “जिना अजिबात बंद” असे फर्मावले. जिना बंद म्हणजे ही बाई घरात बंद, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे. भाजी मी आणायचो, बातम्याही मीच आणायचो, आणि दोन्ही निवडून आणता येत नाहीत अशी तिची तक्रार असे. मागच्या गल्लीत एका दंतवैद्यांचे तळमजल्यावरचे घर विकायचे होते. आमचे गेले तरच ते आम्हाला घेता येणार होते, आणि दंतवैद्य महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते. तोवर आमच्या घरात कोणी राहत नाही, अशी जगाची खात्री पटवणे भाग होते.

सजावटीसाठी किती खर्च करता येईल हे मी सांगितले, तेव्हा एजंटबाई मनापासून हसल्या. मी विनोद केला नव्हता हे कळल्यावर त्या गंभीर झाल्या.

“एवढ्यात रंग होईल,” त्या म्हणाल्या. “तोही तुम्ही स्वतः दिलात तर.”

रंगाची बातमी जिन्याने खाली पोचायला फारसा वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लगेच वर आल्या. सारी इमारत त्यांना काकू म्हणते आणि त्या मला प्रोफेसर म्हणतात. मी कधीही प्रोफेसर नव्हतो. हे मी त्यांना एकदा स्पष्ट केले होते, तेव्हा त्यांनी “तुमचा स्वभावच साधा” असे म्हणून विषय संपवला होता.

“पांढरा देऊ नका हं प्रोफेसर, दवाखाना वाटतो. पिवळा नको, मळका दिसतो. निळ्याने खोली लहान होते, आणि हिरव्यात तुम्ही आजारी दिसाल.”

“मग कोणता देऊ?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा बाई. मी कोण सांगणारी?”

दुकानदाराने जो रंग दिला त्याचे नाव ‘पहाटेचं धुकं’ असे होते. तो राखाडी होता.

रंगकाम हे अडाण्यांनी उरकायचे काम आहे असा सर्वसाधारण समज आहे. मी ते हिशेबाने केले. भिंतींचे क्षेत्रफळ काढले. त्यातून दारे वजा केली, खिडक्या वजा केल्या, आणि दिवाणखान्यातले मोठे लाकडी कपाट भिंतीचा जो भाग झाकते तोही वजा केला. त्या कपाटामागे भिंत आहे ही माहिती मला, पत्नीला आणि काही पालींनाच होती.

“अहो, कपाट जरा पुढे ओढून मागेही फासा की,” पत्नी म्हणाली.

“न दिसणाऱ्या पृष्ठभागाला रंग देणं म्हणजे रंगाचा डबाच भिंतीत पुरण्यासारखं आहे,” मी समजावले.

“बरं,” ती म्हणाली. हा ‘बरं’ ती निष्कर्ष राखून ठेवताना वापरते.

डब्याच्या तळाशी थेंबही उरला नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांची इतकी तंतोतंत गाठ मी प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी एजंटबाई आल्या, चारही भिंती पाहून “वा!” म्हणाल्या, आणि लगेच पुढचे वाक्य उच्चारले:

“आता फक्त हे कपाट काढा. अख्खी खोली गिळून बसलंय.”

मी त्यांना कपाटाची उपयुक्तता, लाकडाची प्रत आणि इतिहास सांगितला. बाईंनी त्याला दोन्ही हात लावले. कपाट कुरकुरत बाजूला झाले आणि पहाटेच्या धुक्याच्या मधोमध, कडा रेखीव, कोन काटकोन, असा मळकट पिवळ्या रंगाचा एक प्रचंड आयत उगवला.

“हे काय?” बाईंनी विचारले.

“आयत,” मी म्हणालो.

पत्नी स्वयंपाकघरात निघून गेली. ती हसत नव्हती हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

त्याच रंगाचा लहान डबा आणून मी आयताच्या कोपऱ्यात एक फटकारा मारून पाहिला. तो वाळल्यावर आणखी गडद निघाला. म्हणजे आता भिंतीवर तीन रंग झाले. दुकानदाराकडे तक्रार केली, तर तो शांतपणे म्हणाला, “तोच रंग आहे साहेब. पण धुकं काय रोज सारखं असतं?” सगळी भिंत पुन्हा रंगवण्याइतके पैसे उरले नव्हते, आणि उमेद पैशांच्याही आधी संपली होती. आयत झाकणे हाच मार्ग होता. त्यासाठी साधारण त्याच आकाराची, पण खोली न गिळणारी वस्तू हवी होती.

अशी वस्तू अख्ख्या इमारतीत एकाच माणसाकडे होती. तळमजल्यावर, फाटकालगतच्या घरात, एक निवृत्त वकीलसाहेब एकटे राहतात. त्यांच्याकडे काचेच्या दारांचे पुस्तकांचे कपाट आहे, चामड्याचा सोफा आहे, उंच दांड्याचा दिवा आहे, माणूस पुरता मावेल असा आरसा आहे. अशा घरात त्यांनी सुखाने बसून राहावे, तर फाटकातून आत शिरणारा प्रत्येक माणूस आधी त्यांचीच बेल वाजवतो. टपाल, पार्सल, गॅसवाला, पत्ता चुकलेला, पत्ता न चुकलेला पण जिना चढण्याचा कंटाळा आलेला, सगळे.

“मी वकिली सोडली, पण चौकशीची खिडकी काही सुटली नाही,” ते म्हणत.

त्यांनी माझे म्हणणे डोळे मिटून ऐकले.

“कपाट देतो, शास्त्रज्ञ. पण नीट समजून घ्या. मी ताबा देतोय, मालकी देत नाहीये. आणि माझे ग्रंथ काय जमिनीवर झोपवू? तुमचं कपाट खाली पाठवा.”

हा प्रस्ताव न्याय्य होता. आम्ही दोघे आणि काकूंचे यजमान (ज्यांचा आवाज इमारतीत आजवर कोणी ऐकलेला नाही) कपाट उचलून पहिल्या वळणापर्यंत आलो, तोच खालून सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

“थांबा! जिन्यावरून फर्निचर नेताय, जिना-झीज शुल्क भरलं का?”

“हे कुठलं शुल्क?”

“फर्निचरने जिन्याची झीज होते. खाली नेण्याचं वेगळं, वर आणण्याचं वेगळं.”

वजन तेच असताना झीज दिशेवर अवलंबून राहणार नाही, हे मी कपाटाचा मागचा पाय खांद्यावर असताना त्यांना मुद्देसूद सांगितले. घर्षणाचा नियमही सांगितला.

“आमच्या नियमात घर्षण नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “फर्निचर आहे.”

वकीलसाहेबांनी कपाटाचे आपले टोक पायरीवर टेकवले. त्याने सगळे वजन माझ्याकडे आले. मग त्यांनी नियमावली मागवली, चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली, आणि शेवटी एका कलमावर बोट ठेवले. दोन सभासदांमधल्या अदलाबदलीला शुल्क माफ होते. मात्र वस्तूस वस्तू, एक वर तर एक खाली, आणि दोघांची सही. सेक्रेटरींनी स्वतःचाच नियम पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा केला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून काकूंनी सूत्रे हाती घेतली.

“डावीकडे घ्या! डावीकडे! अहो प्रोफेसर, तुमची डावी नव्हे, माझी डावी!”

कपाट अडकले. त्याला पुढे नेण्याचा, मागे नेण्याचा आणि आडवे करण्याचा असे तिन्ही सल्ले एकाच वेळी मिळाल्यामुळे ते बराच काळ जिथे होते तिथेच राहिले. शेवटी काकूंच्या यजमानांनी काही न बोलता त्याची दारे बिजागरीतून काढली आणि ते सुटले. या गृहस्थांना बोलण्याची गरज का पडत नाही ते मला त्या दिवशी उमगले.

वकीलसाहेबांचे काचेचे कपाट वर आले, आयतासमोर उभे राहिले, आणि वीतभर अरुंद निघाले. दोन्ही बाजूंनी पिवळ्या पट्ट्या शिल्लक राहिल्या. जणू कपाटाच्या मागे कोणी हात पसरून लपले आहे. उजवी पट्टी झाकायला उंच दिवा आणला. त्याबदल्यात आमचे स्टूल खाली गेले. डावीकडे आरसा आणला. त्यासाठी पत्नीचे शिलाई मशीन खाली गेले. रिकामे काचेचे कपाट दुकानासारखे दिसू लागले, म्हणून वकीलसाहेबांचे ग्रंथही वर आले. मग एजंटबाई म्हणाल्या, दिवा आणि पुस्तके आहेत पण बसायला आमचा जुना दिवाण, म्हणजे हे वाचनालय वाटते आणि तेही सरकारी. म्हणून सोफा वर आला, दिवाण खाली गेला. सोफ्याशेजारी आमचे टेबल शोभेना. टेबलाबरोबर खुर्च्या जुळेनात. एक वस्तू बदलली की तिच्या शेजारची वस्तू उघडी पडते, हे मी प्रत्येक वेळी पाहत होतो. आणि प्रत्येक वेळी मला वाटत होते की ही शेवटची.

कुठलीही क्रिया अशी पायरीपायरीने चालू राहिली तर शेवटी कुठे पोचते, याचा विचार करणे हेच माझे शिक्षण होते. तो विचार मी केला नाही. मी सह्या करत होतो.

आता घर दाखवायला सज्ज झाले. एजंटबाईंचा दंडक होता की घर दाखवताना मालक नजरेस पडता कामा नये. डॉक्टरांचा हुकूम तेवढ्यापुरता बाजूला ठेवून पत्नीने खाली वकीलसाहेबांकडे जाऊन बसावे असे ठरले. उतरायला तिला वेळ लागे आणि चढायला त्याहून अधिक, म्हणून ती कठडा धरून, दर वळणावर थांबत सकाळीच उतरायची आणि दिवस तिथेच काढायची. वकीलसाहेब मात्र तितक्याच निग्रहाने वर येऊन बसू लागले.

“माझ्या सोफ्यावर कोणी किल्ल्या मागच्या खिशात ठेवून बसलं आणि चामडं ओरबाडलं म्हणजे? माल माझा आहे, मी हजर राहणार.”

मी जागा सोडायला नकार दिला, तेव्हा बाईंनी माझ्या हातात टेप दिली आणि येणाऱ्यांना “हे मोजमापवाले” अशी माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली. तपशिलात ते खरे असल्यामुळे मला हरकत घेता आली नाही.

पहिल्या जोडप्यासाठी बाईंनी दालचिनी उकळायला सांगितली होती. घरात दालचिनीचा वास असला की गिऱ्हाईक मऊ होते म्हणे. किती घरांत दालचिनी उकळली, किती घरांत नाही, आणि दोन्हींच्या किमतींची तुलना कोणी केली, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “तुम्ही गॅस लावा हो.” मी लावला, आणि तुलनेसाठी दुसऱ्या खोलीत वास किती वेळाने पोचतो ते पाहायला गेलो. भांड्यातले पाणी आटले. जोडपे आले तेव्हा घरात पहाटेचे नव्हे, अगदी भर दुपारचे धुके होते. काकू बादली घेऊन धावत आल्या. गिऱ्हाईक मऊ झाले की नाही ते कळले नाही; ते ओले मात्र झाले.

दुसरे गृहस्थ भिंती बोटांनी वाजवून पाहणाऱ्यांपैकी होते. एकेक भिंत वाजवत, कान देत ते डावीकडे सरकत गेले. आरशात त्यांना समोरून आणखी एक गृहस्थ भिंत वाजवत येताना दिसले. त्यांनी सौजन्याने बाजूला होऊन त्यांना वाट दिली, मग स्वतःला ओळखले, आणि त्यानंतर त्यांना त्या घरात थांबणे अवघड वाटू लागले.

आणि मग ते पतिपत्नी आले. दोघे विमा कंपनीत होते, दोघे मुदतीच्या आधी निवृत्त झाले होते, आणि दोघांचे गुडघे हेवा वाटावा असे होते. एका दमात वर आले आणि धापसुद्धा लागली नाही. त्यांना घर आवडल्याचे एजंटबाईंनी डोळ्यांनीच मला कळवले. गृहस्थ सज्जात गेले, वारा खाऊन परत आले. सोफ्यावर बसलेल्या वकीलसाहेबांना त्यांनी साहजिकच मालक समजून विचारले, “शांत आहे का हो इथे?”

वकीलसाहेब उठून उभे राहिले. त्यांचा एक हात आपोआप कोटाच्या कडेशी गेला.

“शांत? इथे दिवसभरात बेल वाजत नाही. मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे, ऐकू आलेलं नाही. ह्या खिडकीतून तुम्हाला सगळा रस्ता दिसतो, पण रस्त्याला तुम्ही दिसत नाही. सकाळचं ऊन इथवर येतं, त्या पुस्तकांना हात न लावता परत जातं. दुपारी असा वारा सुटतो की माणसाला झोप लागलेली कळतही नाही.”

मी त्या घरात निम्मे आयुष्य काढले होते. घर इतके चांगले आहे हे मला त्या दिवशी समजले. एजंटबाईंनी तर वही काढून काही वाक्ये टिपून घेतली.

गृहस्थांनी एक आकडा सांगितला. अपेक्षेपेक्षा तो थोडा कमी होता, पण दंतवैद्यांचे घर त्यात बसत होते. मी टेप गुंडाळत हो म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात ते म्हणाले, “लिफ्ट नाहीये ना, म्हणून एवढेच.”

“काय म्हणालात?” वकीलसाहेब म्हणाले.

“लिफ्ट नाही हा दोष आहे ना घराचा.”

“दोष? तुम्ही विम्यात होता ना? मग सांगा, फाटकाशी येणारा माणूस किती पायऱ्या चढून तुम्हाला त्रास द्यायला येईल? लिफ्ट नाही म्हणून कोणी वर येत नाही! हा दोष नाही महाराज, ही या घराची खरी किंमत आहे. आणि ती तुम्ही कापून मागताय?”

“वकीलसाहेब,” मी म्हणालो.

“तुम्ही मोजमाप करा हो. हां, तर तुमचा प्रस्ताव नामंजूर.”

“पण तुम्ही मालक आहात की—” गृहस्थ गोंधळून म्हणाले.

“तो मुद्दा अलाहिदा!”

विमेवाल्या बाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसले. “चला हो. इथे घर विकत नाहीयेत, खटला चालवतायत.” जिन्यावरून त्यांची चपळ पावले दूर गेली. एजंटबाई सोफ्याच्या हातावर मटकन बसल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. तो दंतवैद्यांचा होता. त्यांना चांगले गिऱ्हाईक मिळाले होते. महिनाअखेर फारच लांब आहे असे त्यांना आता वाटत होते.

मी खाली गेलो. प्रत्येक पायरीवर एक वाक्य तयार केले आणि पुढच्या पायरीवर ते टाकून दिले.

पत्नी आमच्या दिवाणावर बसली होती. पाठीमागे आमचे कपाट, हाताशी शिलाई मशीन, पुढे आमचेच टेबल, त्यावर औषधांच्या डब्या. दार उघडे होते, आणि दारातल्या पार्सलवाल्याला ती सांगत होती, “दुसऱ्या मजल्याचं ना? ठेव इथे. त्या आत्ता खाली येतील, त्यांची दूध आणायची वेळ झाली.” तो गेल्यावर माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “गेलं का?”

“दोन्ही गेली. आपलं घेणारेही, आणि आपण घेणार होतो तेही.”

ती रडेल असे मला वाटले होते. ती गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

“अहो, एक सांगू? आज मी वर येत नाही.”

“बरं. जरा टेक. मग आपण हळूहळू—”

“नाही. उद्याही नाही येत. मला कळतंय हे दुसऱ्याचं घर आहे. पण मला नाही जमणार आता. खरंच नाही जमणार.”

हे तिने आवाज न चढवता सांगितले. मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. घडलेल्या सगळ्याला एक जबाबदार माणूस होता, आणि तो चामड्याच्या सोफ्यावर पाय पसरून, छातीवर ग्रंथ उपडा ठेवून डुलकी काढत होता.

“वकीलसाहेब! उठा. ही वर यायला तयार नाही.”

“मग नका आणू.”

“अहो, ती तुमच्या घरात आहे! तुम्हाला खाली जावं लागेल ना?”

त्यांनी एक डोळा उघडला. “मी खाली जात नाही.”

“म्हणजे?”

“किती दिवसांनी मी दुपारी झोपलोय, माहीत आहे? बेल नाही, पार्सल नाही, ‘अमुकतमुक कुठे राहतात हो’ नाही. आज तुमचं गिऱ्हाईक मी घालवलं, कबूल. पण ते ही जागा मातीमोल भावात मागत होते. मला सहन झालं नाही.”

“जागा माझी आहे!”

“तेच तर सहन होत नाही.”

एजंटबाई अजून सोफ्याच्या हातावरच होत्या. त्यांनी हळूच वही मिटली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. माझ्या डोक्यात मात्र आता कुठे काहीतरी हलू लागले होते.

“वकीलसाहेब,” मी सावकाश विचारले, “खाली तुमचं असं काय काय उरलंय?”

त्यांनी आठवले. “टॉवेल. दाढीचं सामान. पलंग आहे, पण तो जुना आहे.”

“आणि इथे वर आमचं?”

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. काचेचे कपाट, दिवा, आरसा, टेबल, खुर्च्या, सोफा.

“तुम्ही,” ते म्हणाले.

आयुष्यभर मी तराजूची दोन पारडी समपातळीत येताना पाहिली आहेत. तो क्षण मला लांबून ओळखता येतो असा माझा लौकिक होता. इथे मी स्वतः एकेक वजन उचलून ठेवत होतो, वर सह्याही करत होतो, आणि काटा मध्यावर कधी आला याचा मला पत्ता नव्हता. हे सगळे मी त्या दोघांना खुलासेवार सांगणार होतो, पण एजंटबाई केव्हाच फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, “अगं, घरंच एकमेकांशी बदलून घ्यायची, ही माझीच कल्पना!”

दोन्ही घरांचे क्षेत्रफळ सारखे होते. तळमजला गोंगाटाचा आणि तिसरा बिनलिफ्टचा, म्हणून दोहोंचा भाव सारखाच पडतो, असा निर्वाळा बाईंनी दिला आणि मेहनताना दोन्ही बाजूंकडून घेतला. अडचण आली ती सेक्रेटरींकडे. सोसायटीच्या अर्जात विकणाऱ्याची एक जागा होती आणि घेणाऱ्याची एक. आम्ही दोघे दोन्ही जागांवर बसू पाहत होतो.

“एकच माणूस घेणाराही आणि देणाराही, असं कसं चालेल?”

“लग्नात चालतं,” वकीलसाहेब म्हणाले. ते विधुर आहेत, आणि या विषयावर अधिकाराने बोलतात. सेक्रेटरींनी दोन अर्ज घेतले, ते दोन निरनिराळ्या बैठकांत मंजूर केले, आणि मधल्या काळात आम्ही दोघेही कायद्याने नेमके कुठे राहत होतो हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही.

काकूंचे म्हणणे आहे की हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होते. “मी काय बोलणार? प्रोफेसरांसमोर?”

तळमजल्यावर स्थिरावल्यानंतरची गोष्ट. मी पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. परतलो तर दार नुसते ओढून घेतलेले. हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघर पाहिले, मागची खोली पाहिली. पत्नी कुठे आहे हा प्रश्न मला कित्येक वर्षांत पडला नव्हता. ती घरात असायची. आता घर रिकामे होते, आणि ते कोणाची वाट पाहत होते असे म्हणायला मी अजूनही तयार नाही, पण मी पाहत होतो. दारातच उभा होतो. तेवढ्यात दोघांनी मला पत्ते विचारले; मला एकही सांगता आला नाही.

बऱ्याच वेळाने ती फाटकातून आत आली. सावकाश, पण कशालाही न धरता. हातात पिशवी नव्हती, काही आणलेले नव्हते.

“कुठे गेली होतीस?”

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे नेमकं कुठे?”

तिने थोडा विचार केला. “नुसतं बाहेर,” ती म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखे करून चपला न काढताच वळली आणि पुन्हा निघाली. कोपऱ्यावर थांबलेल्या काकूंना एक सांगायचे राहिले होते म्हणे.